इंग्लंडमधला एखादा अर्ल, म्हणजे वंशपरंपरेची पदवी असलेला उमराव, मुलगा नसताना वारला, तर त्याची पदवी कुणाला मिळते? मुलीला का नाही? आणि एकदा संपलेली पदवी परत येऊ शकते का?

थोडक्यात सांगायचं तर राजाने पदवी देताना सनदेत जे लिहिलं असेल, त्याला. पण तेवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, म्हणून डेव्हन या इंग्लंडमधल्या परगण्याच्या अर्लपदाची गोष्ट सांगतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका घराण्यात सापडतात.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतो. वाटपाचे, वारस नोंदीचे. अशील येतो, चार घड्या घातलेली वंशावळ टेबलावर पसरतो, एका नावावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, हा निपुत्रिक वारला, तिथून सगळं सुरू झालं." इंग्रज उमरावांच्या वंशावळी वाचायचा नाद मला त्याच सवयीतून लागला. तिकडचं एक आधी समजून घ्या. जमीनजुमला आणि पदवी या दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. वाडा, शेती, चित्रं मृत्युपत्राने मुलीला देता येतात. पदवी मात्र विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, मृत्युपत्रात घालता येत नाही. ती ज्या सनदेने मिळाली, त्या सनदेच्या शब्दांवरच चालते.

आपल्या इनामाच्या सनदांत "पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने" असं येतं ना, तसं तिकडच्या सनदेत बहुतेक वेळा येतं, "त्याला आणि त्याच्या देहापासून झालेल्या पुरुष वारसांना". लॅटिनमध्ये "दे कोर्पोरे सुओ". हे शब्द असले की हिशेब सरळ होतो. ज्याला पदवी पहिल्यांदा मिळाली त्या मूळ पुरुषापासून फक्त मुलांमुलांनी खाली यायचं. शेवटच्या अर्लला मुलगा नसेल तर भाऊ, भाऊ नसेल तर पुतण्या, नाहीतर चुलता, चुलतभाऊ. पण माणूस मूळ पुरुषाच्याच वंशातला हवा. मूळ पुरुषाच्या भावाचा वंश बाद, मुलगी बाद, मुलीचा मुलगा बाद. दत्तकही बाद. आईबापांनी नंतर लग्न केलं तरी लग्नाआधी झालेला मुलगाही इंग्लंडात बाद.

मुलीला का नाही, तर सनदेत तिचं नाव नाही म्हणून. नाव असेल तर तिला मिळतं. आपल्याकडचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना दोन मुलीच होत्या, मुलगा नव्हता. त्यामुळे त्यांच्या सनदेत मुलींची सोय आधीच केलेली होती, आणि 1979 मध्ये त्यांची हत्या झाल्यावर थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस, म्हणजे स्त्री अर्ल, झाली. बॅरन या उमरावांतल्या खालच्या पायरीच्या काही फार जुन्या पदव्यांना सनदच नसते, राजाने संसदेला बोलावल्याचं पत्र हाच पुरावा. त्या मुलींकडे जाऊ शकतात, पण तिथे दुसरीच गंमत होते. दोन-तीन बहिणी असल्या तर सगळ्यांचा हक्क सारखा, आणि पदवीचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून ती कुणालाच न मिळता लटकून राहते. ग्रे ऑफ कॉडनर ही पदवी अशी 1496 पासून 1989 पर्यंत लटकली होती. 493 वर्षं! आपल्याकडच्या तुंबलेल्या दाव्यांना उगाच नावं ठेवतात लोक.

आता डेव्हन.

हे अर्लपद बाराव्या शतकातलं, सुरुवातीला रेडव्हर्स घराण्याचं. त्या वंशातली शेवटची इझाबेला 1293 मध्ये वारली. मुलंबाळं तिच्या डोळ्यांदेखत गेलेली. मरणाच्या दारात असताना तिने आइल ऑफ वाइट हे आख्खं बेट राजा पहिल्या एडवर्डला विकलं. मग नात्यातल्या ह्यू कोर्टनीला 1335 मध्ये अर्ल म्हणून मान्यता मिळाली आणि पदवी कोर्टनींकडे आली.

पुढची दोनशे वर्षं एका ओळीत सांगायची तर डोकी उडाली. गुलाबांच्या युद्धात, म्हणजे यॉर्क आणि लँकेस्टर या दोन राजघराण्यांच्या गादीच्या भांडणात, कोर्टनी लँकेस्टरच्या बाजूचे. एक अर्ल 1461 मध्ये टाउटनच्या लढाईनंतर मारला गेला, त्याच्या एका भावाला 1469 मध्ये मृत्युदंड झाला, दुसरा 1471 मध्ये ट्यूक्सबरीला पडला. तिकडे राजद्रोही ठरवलं की नुसता जीव जात नसे, रक्त दूषित झालं असं मानून पदवीही सरकारजमा होई. सातव्या हेन्रीने 1485 मध्ये धाकट्या पातीतल्या एडवर्डला नव्याने अर्ल केलं. त्याच्या मुलाने चौथ्या एडवर्ड राजाची मुलगी केली, आणि तीच सोयरीक पुढे नडली. राजाच्या इतक्या जवळचं रक्त अंगात असणं त्या काळी धोक्याचं. या लग्नातून झालेला हेन्री कोर्टनी म्हणजे आठव्या हेन्रीचा सख्खा मावसभाऊ. आठव्या हेन्रीने आधी त्याला अर्लवरून मार्क्विस केलं आणि 1538 मध्ये कटाच्या आरोपावरून पकडून त्याचं डोकं उडवलं. बारा वर्षांच्या आसपासचा त्याचा मुलगा एडवर्ड टॉवर ऑफ लंडनमध्ये गेला, तो पंधरा वर्षं तिथेच. कोठडीत बसून त्याने एका इटालियन धर्मग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. दुसरं करणार काय?

जुलै 1553 मध्ये मेरी राणी गादीवर आली आणि ऑगस्टमध्ये त्याला सोडलं. 3 सप्टेंबरला त्याला डेव्हनचा अर्ल केलं. त्या सनदेत लिहिलं, पदवी "त्याला आणि त्याच्या पुरुष वारसांना, कायमची". "दे कोर्पोरे" नाही. "देहापासून झालेल्या" हे शब्द गाळलेले.

कारकुनाच्या हातून राहिले की मुद्दाम गाळले? मला मुद्दामच वाटतं. एडवर्ड अविवाहित, सख्खा भाऊ नाही, आणि घराण्याच्या त्या पातीत तोच एकटा पुरुष उरलेला. ज्या घराण्याची भरपाई राणीला करायची होती, त्यात दूरचे कोर्टनी जिवंत होते. पण त्या वेळी या शब्दांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. राणीशी लग्न होईल अशी चर्चा असलेला हा देखणा तरुण दुसऱ्याच वर्षी राणीविरुद्धच्या वायटच्या बंडाच्या संशयात अडकला, पुन्हा कैदेत गेला, मग त्याला देशाबाहेर धाडलं. सप्टेंबर 1556 मध्ये तो इटलीत पादुआला वारला. लग्न नाही, मूल नाही. सगळ्यांनी धरून चालले की पदवी संपली.

इतकं धरून चालले की 1618 मध्ये कॅव्हेंडिश नावाच्या धनाढ्य घराण्याने राजाला दहा हजार पौंड मोजून डेव्हनशायरचं, म्हणजे डेव्हनच्याच नावाचं, नवं अर्लपद घेतलं. त्यांचेच वंशज पुढे 1694 मध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायर झाले. त्यांचा प्रसिद्ध वाडा चॅट्सवर्थ, तो डेव्हनमध्ये नाहीच, डर्बीशायरमध्ये आहे.

इकडे दूरचे कोर्टनी एक्स नदीच्या खाडीवर पाउडरमला राहत होते. ती जागा त्यांच्या पूर्वजाला बायकोच्या आंदणात आलेली, गढी 1391 मध्ये बांधायला घेतलेली. हे लोक 1377 मध्ये वारलेल्या अर्ल ह्यूच्या धाकट्या मुलाचे वंशज. पादुआला वारलेल्या एडवर्डपासून त्यांचं नातं जोडायचं तर सात पायऱ्या वर चढून त्या ह्यूपर्यंत जावं लागतं. आपल्या जुन्या हिंदू वारसा कायद्यात, मिताक्षरेच्या हिशेबात, हे सपिंडाच्या म्हणजे जवळच्या भाऊबंदांच्या पलीकडे, समानोदकात म्हणजे दूरच्यांत गेले असते. घराण्याचं लॅटिन बोधवाक्य आहे, "कुठे घसरलो? काय केलं मी?" बिचाऱ्यांनी खरंच काही केलं नव्हतं, सनदही वाचली नव्हती.

गंमत बघा. 1644 मध्ये या शाखेतल्या एकाने बॅरोनेट ही कितीतरी खालची पदवी घेतली. 1762 मध्ये दुसऱ्याने व्हायकाउंट घेतली, तीही अर्लच्या खालची. परसात सोन्याचा हंडा पुरलेला आणि चांदीच्या वाटीवर सगळे खूश.

हंडा सापडला 1831 मध्ये. तेव्हाचा तिसरा व्हायकाउंट विल्यम कोर्टनी तेरा बहिणींचा एकुलता भाऊ. पुरुषाशी संबंधांच्या बदनामीमुळे, खटल्याच्या भीतीने देश सोडून पॅरिसला राहिलेला, अविवाहित. पदवीची त्याला घाई असायचं कारण नव्हतं. घाई होती त्याच्या दूरच्या भावाला. त्याचंही नाव विल्यमच. हा गृहस्थ हाउस ऑफ लॉर्ड्स या संसदेतल्या उमरावांच्या सभागृहाच्या कचेरीत वरच्या हुद्द्यावर होता, म्हणजे जुन्या सनदा हाताखालच्याच. प्रकरण लॉर्ड्सच्या हक्क समितीपुढे गेलं आणि मार्चमध्ये निकाल लागला की "देहापासून" हे शब्द नाहीत, म्हणून भाऊबंदही वारस ठरतात. पदवी संपलीच नव्हती, झोपलेली होती. 275 वर्षं.

त्यामुळे क्रमांकांचा घोळ झाला. पॅरिसचा विल्यम एकदम नववा अर्ल ठरला, आणि मधले सात जण मेल्यानंतर अर्ल झाले. सातांपैकी सहांचं नाव विल्यम. अशी वंशावळ माझ्या टेबलावर आली असती तर मी अशिलाला आधी चहा पाजला असता.

आता तुमचा पहिला प्रश्न इथे अगदी जवळून दिसतो. 1835 मध्ये नववा अर्ल पॅरिसला वारला. कचेरीतल्या विल्यमचे आणि त्याचे आजोबा सख्खे भाऊ. व्हायकाउंट ही पदवी 1762 मध्ये नवव्या अर्लच्या आजोबाला मिळाली, "देहापासून झालेल्या" या शब्दांसकट. कचेरीतला विल्यम त्या आजोबाच्या भावाचा नातू, म्हणून ती त्याला मिळेना, ती संपली. बॅरोनेट पदवीचा मूळ पुरुष दोन्ही आजोबांच्याही वरचा, म्हणून ती मिळाली. आणि अर्लपद 1553 च्या सनदेतल्या त्या गाळलेल्या शब्दांच्या आधारावर मिळालं. तो दहावा अर्ल झाला. एकच माणूस मेला, त्याच्या तीन पदव्या, आणि प्रत्येकीचा निवाडा वेगळ्या कागदावर. बहिणींपैकी एकीलाही कुठलीच पदवी नाही.

पदवी टिकली म्हणजे बाकी सगळं टिकलं असं नाही. 1927 साली फेब्रुवारीत चौदावा अर्ल गेला, जूनमध्ये पंधरावा, आणि 1935 मध्ये सोळावा. पंधरावा आणि सोळावा हे भाऊ-भाऊ, दोघेही गावच्या चर्चचे पाद्री. दर मृत्यूला वारसाकर, आणि कर भरायला जमीन विकायची. सध्याचा अर्ल एकोणिसावा. तो 2015 मध्ये आला, पाउडरमलाच आहे, आणि त्याला तीन थोरल्या बहिणी आहेत. 1553 च्या सनदेत भाऊबंदांना वाट होती, बहिणींना नाही.

दत्तकाबद्दल लिहिताना मराठी माणसाला सातारा आठवल्याशिवाय राहत नाही. एप्रिल 1848 मध्ये आप्पासाहेब महाराज मृत्युशय्येवर दत्तक घेऊन वारले. डलहौसीने तो दत्तक मानला नाही आणि राज्य खालसा केलं. 1849 मध्ये डलहौसीला मार्क्विस ही बढती मिळाली. 1860 मध्ये तो वारला तेव्हा दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्विस पदवी त्याच्याबरोबर संपली. त्याचं जुनं स्कॉटिश अर्लपद मात्र चुलतभावाला गेलं. मला यात सूड वगैरे काही दिसत नाही, पण हे वाचलं त्या दिवशी मी ते कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये तिघांना सांगितलं, हे कबूल करतो.

संपलेली पदवी परत येते का, याचं उत्तर डेव्हनमुळे "हो" असं वाटेल. तर थांबा. 1397 मध्ये विल्यम ल स्क्रोप नावाच्या माणसाला विल्टशरचं अर्लपद मिळालं होतं, त्याही सनदेत "देहापासून" नव्हतं. दोन वर्षांत त्याचं डोकं उडवलं गेलं. डेव्हनचा निकाल वाचून त्याच्या भाऊबंदांपैकी एकाने हाच दावा लावला. 1869 मध्ये लॉर्ड्सच्या समितीने तो फेटाळला. कायद्याला ठाऊक नसलेल्या वाटेने पदवी चालवण्याची सनद राजालाही देता येत नाही, असं या समितीचं म्हणणं. आणि 1831 चा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, असंही तिने सांगितलं. त्या निकालाने जे अर्ल झाले ते राहिले. त्यांच्यानंतर असा दावा घेऊन आलेल्याला दार बंद.