उघडीप पडली म्हणून निघू नका

प्रश्न : जानेवारीत मनालीला जातोय. हिमवादळात दोन दिवस हॉटेलात अडकलो आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तर सोलंगच्या वर चालत जायला हरकत नाही ना? (दादर)

हरकत आहे. पावसाळ्यात उघडीप पडली की आपण सॅक उचलतो, तीच सवय तिथे नडते. वादळ चालू असताना आणि ओसरल्यावरचे एक-दोन दिवस हिमस्खलनाचे सर्वांत धोक्याचे. घरीच करून बघा. ताटात कोरडा साबुदाणा पसरा, वर शिळी पोळी ठेवा आणि ताट हळूहळू कलतं करा. पोळी आधी हलत नाही, मग अख्खीच्या अख्खी सुटते. डोंगरावर साबुदाण्याच्या जागी जुन्या बर्फातले साखरेसारखे सुटे दाणे असतात आणि पोळीच्या जागी वाऱ्याने थापलेली नव्या बर्फाची लादी. अशा लाद्या बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे चालायला बरा वाटतो तोच उतार. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा बर्फात भेग पळत गेली, तर मागे फिरा. गाइड काहीही म्हणो. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, निघण्याआधी तेही पाहा.

प्रश्न : मुलं ओरडली तर बर्फ कोसळतो का? (डोंबिवली)

सिनेमात कोसळतो. खरं तर आवाजात तेवढा जोरच नसतो, माणसाच्या वजनात मात्र असतो. ओरडू द्या त्यांना.

प्रश्न : आम्ही ट्रेकवाले नाही, गाडीने नथुलाला जाणार. आम्हाला काय भीती? (गिरगाव)

४ एप्रिल २०२३ रोजी त्याच रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. महिना बघा, एप्रिल! पायाखाली सपाट असलं तरी डोक्यावर काय आहे ते महत्त्वाचं. माळशेजला पावसात दरडीखाली गाडी लावून कणीस खात बसाल का?

प्रश्न : बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र, म्हणजे बीकन, भाड्याने घेतला तर पुरेल? (मुलुंड)

नाही. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही हवीत आणि प्रत्येकाकडे हवीत. गाडला गेलेला माणूस बहुधा थंडीने नाही, गुदमरून जातो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर आशा झपाट्याने घटते, त्यामुळे सुटका सोबत्यांनीच करायची. आम्ही अक्सा बीचवर वाळूत बीकन पुरून सराव करतो. लोकांना वाटतं, कुणाचं मंगळसूत्र हरवलंय, मदतीलाही येतात. बीकन चार मिनिटांत सापडतो. वेळ जातो तो खणण्यात, आणि ती तर नुसती वाळू. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं आवळतं.