होताना बघ

प्रिय पोरी,

तुझी यादी दोनदा वाचली. बारा दिवस, पाच देश, आठ शहरं. पॅरिसला चीज, ब्रुसेल्सला चॉकलेट, प्रागला काच, व्हेनिसला मुरानो बेटावरची काच, रोमला पास्ता. आणि खाली तुझा प्रश्न : "यातलं काय काढू? सगळंच महत्त्वाचं वाटतंय."

काढत बसू नकोस, अख्खी यादीच बाजूला ठेव. त्या यादीतली प्रत्येक वस्तू तुला दुकानात भेटणार आहे, तयार, गुंडाळलेली, किंमत चिकटवलेली. खाणं, वाइन, हातकाम आणि वारसा बघायचाय असं तूच लिहिलंस ना? मग एकच पट्टा धर आणि तिथली वस्तू होताना बघ. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

पट्टा मी सुचवते : इटलीतला एमिलिया-रोमान्या. इसवी सनपूर्व १८७ मध्ये मार्कस एमिलिउस लेपिदुस या रोमन कॉन्सुलनं रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत रस्ता आखला. फाएन्झा, इमोला, बोलोन्या, मोडेना, रेज्जो, पार्मा ही सगळी गावं त्याच रेषेवर ओवल्यासारखी आहेत आणि रेल्वेही तिथूनच जाते. सहा रात्री मोडेना, चार फाएन्झा, शेवटची बोलोन्याला. सामान दोनदाच हलवायचं. सगळ्या रात्री एकाच देशात असल्या की शेंगेन व्हिसाही सरळ होतो. नाहीतर कुठे जास्त रात्री आहेत ते मोजून अर्ज कोणाकडे करायचा ते ठरवावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत आणि पंधरा दिवसांपेक्षा उशीर चालत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा.

पहिली सकाळ पार्मिजानो रेज्जानो चीजची ठेव. हे चीज रोज बनतं, रविवारीसुद्धा, कारण गाईंना सुट्टी नसते. पण बनतं सकाळीच. आठच्या सुमारास दारात हवीस. अकराला पोचलीस तर घासलेली भांडी दिसतील. आधी कळवल्याशिवाय जाऊ नकोस. कोणती चीजघरं पाहुण्यांना घेतात ते उत्पादकांच्या संघाच्या संकेतस्थळावर मिळतं.

तिथे काय बघायचं ते आत्ताच सांगते, म्हणजे फोटो काढण्यात वेळ जाणार नाही. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट हौदात ठेवलेलं असतं. साय वर येते, ती काढतात, आणि खालच्या दुधात सकाळचं सायीसकट दूध मिसळतात. दूध कच्चंच, तापवलेलं नाही. उलट्या घंटेसारख्या तांब्याच्या कढईत साधारण ११०० लिटर. त्यात विरजण पडतं ते काल चीज काढून उरलेल्या निवळीचं. आपल्याकडे कालच्या दह्यानं आज लावतात, तसंच हे. मग दूध बसवणारं रेनेट, वासराच्या जठरातलं. दहाएक मिनिटांत दूध बसतं. बसलं की 'स्पिनो' नावाच्या तारांच्या मोठ्या रवीनं ते फोडतात, कणीएवढे दाणे होईपर्यंत, आणि ५५ अंशांपर्यंत तापवतात. दाणे तळाशी जाऊन त्यांचा एक गोळा होतो. पाऊण-एक तासानं दोन माणसं लाकडी फळीनं तो गोळा उचलतात, कापडात घेतात, चक्का टांगतो तसा टांगतात, आणि सुरीनं मधोमध दोन करतात. त्यांना जुळी म्हणतात. एका चाकाला, म्हणजे चीजच्या एका गोल वडीला, साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि पिकल्यावर ते चाळीस किलोच्या आसपास भरतं. म्हणजे किलोला चौदा लिटरच्या जवळपास. हा हिशेब तिथे कढईपाशी उभं राहून कर; मग दुकानातली किंमत महाग वाटणार नाही.

मग साचा, मग महिन्याहून थोडे कमी दिवस मिठाच्या पाण्यात, मग लाकडी फळ्यांवर किमान बारा महिने. चूक कुठे होते तेही विचार. गाईला मुरवलेला हिरवा चारा घालायला इथे बंदी आहे, गवत ताजं नाहीतर वाळलेलंच. मुरवलेल्या चाऱ्यातून काही जिवाणूंचे बीजाणू दुधात उतरतात आणि महिन्यांनंतर आतल्या आत वायू धरून चाक फुगतं, तडकतं. म्हणून वर्ष भरलं की परीक्षक छोट्या हातोडीनं प्रत्येक चाक वाजवून ऐकतो. बाजारात मडकं घेताना टिचकी मारून आवाज ऐकतात ना, तेच. पोकळी असली की आवाज बदलतो. उत्तम चाकावर डाग देऊन शिक्का उमटतो, मधल्या प्रतीच्या कवचावर समांतर रेघा मारतात, नापासाच्या कवचावरची अक्षरं खरवडून टाकतात. हे एकदा पाहिलंस की पुढे कुठेही कवच बघून प्रत ओळखशील. चव घेताना आधी बारा महिन्यांचं, मग चोवीस, मग छत्तीस. उलट केलंस तर कोवळं चीज पाणचट लागेल. आणि ते कापत नाहीत, बदामाच्या आकाराच्या आखूड सुरीनं फोडतात, म्हणजे आतला दाणा शाबूत राहतो.

रेनेटचं मुद्दाम आधी सांगितलं. तू अंडं खातेस, मांस नाही. हे चीज त्या अर्थानं शाकाहारी नाही. तिथे जाऊन कळलं आणि मनाला लागलं असं होऊ नये, म्हणून आजच ठरव. न खाता बघितलंस तरी सकाळ वाया जात नाही. तसंच तोर्तेल्लिनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या पोटात डुकराचं मांस असतं आणि ते मांसाच्या रश्श्यातच वाढतात. न्योक्को फ्रित्तो हा पिठाचा फुगीर तुकडा बहुधा डुकराच्या चरबीत तळलेला असतो. पिआदिना ही पोळी साधी दिसते, पण पिठात बऱ्याचदा चरबीच असते. 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी, हा शब्द पाठ कर आणि ऑर्डर देण्याआधी विचार. रिकोत्ता आणि पालेभाजी भरलेले 'तोर्तेल्ली देर्बेत्ता' किंवा लाल भोपळ्याचे तोर्तेल्ली माग. त्यातही चीज असतं, तो निर्णय तुझा. ताजा पास्ता लाटताना बघायला मिळाला तर सोडू नकोस. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही, आणि लांब लाटण्यानं हाताइतकीच पाठ वापरून लाटायचं.

आता व्हिनेगर. इथे बहुतेक सगळे फसतात. 'आचेतो बाल्सामिको दि मोदेना' आणि त्याच नावात 'त्रादित्सिओनाले' हा शब्द असलेलं, ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. पहिलं म्हणजे द्राक्षाचा आटवलेला किंवा घट्ट केलेला रस अधिक वाइनचं व्हिनेगर, किमान साठ दिवस मुरवलेलं. त्यात रंगासाठी कॅरमलही चालतं. दुसऱ्यात फक्त द्राक्षाचा रस. आपल्या गुऱ्हाळात काकवी आटवतात तसा तो उघड्या भांड्यात संथ आटवतात आणि घराच्या माळ्यावर लाकडी पिंपांत ठेवतात. माळ्यावरच का, हे नीट समजून घे. उन्हाळ्यात छत तापतं, पाणी उडून जातं, रस आंबतो. हिवाळ्यात थंडी पडते, तो निवळतो. तळघरात ठेवला तर हे घडणारच नाही. पिंपं उतरत्या मापाची, ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा वेगवेगळ्या लाकडांची. हिवाळ्यात सगळ्यांत लहान पिंपातून थोडंसं काढतात, त्याची तूट त्याच्या वरच्या पिंपातून भरतात, त्याची त्याच्या वरच्यातून, आणि सगळ्यांत मोठ्यात नवा रस ओततात. किमान बारा वर्षं. 'एक्स्त्रावेक्किओ' म्हणजे किमान पंचवीस. मोडेनाची बाटली १०० मिलीलीटरची, गोलसर पोटाची आणि चौकोनी बुडाची; ती जुजारो या मोटारींच्या रचनाकारानं आखलेली आहे. दुसऱ्या आकाराच्या बाटलीत कोणी मोडेनाचं 'पंचवीस वर्षांचं' म्हणून विकत असेल तर घेऊ नकोस. खाताना थेंबच, आणि आचेवर कधीच नाही. मोडेनाजवळ स्पिलाम्बेर्तोला याचं संग्रहालय आहे. तिथे जा, पण आधी कोणाच्या तरी माळ्यावर जाऊन तो वास घे. होताना बघ, मग संग्रहालय.

वाइनबद्दल थोडक्यात. इथली लाम्ब्रुस्को ही लाल, फेसाळ वाइन. गोड नको, 'सेक्को' माग, आणि थंड. सोर्बाराची जात फिकट आणि आंबटसर, ग्रास्पारोस्साची गडद आणि तुरट. सोर्बाराच्या वेलीचा फुलोरा नीट फळत नाही, म्हणून परागासाठी तिच्याबरोबर सालामिनो जातीच्या वेली लावतात. द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते; रस आटवणंही तेव्हाच. तुझ्या मे महिन्याच्या सुट्टीत यातलं काहीही दिसणार नाही, म्हणून तारीख बदल. आणि त्याआधी फेब्रुवारीत नाशिकला जा. आपली तोडणी तेव्हा चालू असते. तिथे द्राक्ष फुटताना, रस आंबताना बघ, ग्लासातली वाइन थुंकून टाकायला शीक. पाच चवी गिळलेल्या माणसाला सहावी कळत नाही.

फाएन्झाला चार रात्री कशाला, असं तू विचारणारच. त्या गावाच्या नावावरून फ्रेंच भाषेत मातीच्या झिलईदार भांड्यांना 'फायान्स' हा शब्द रुजला, एवढी त्या मातीची पत. तिथलं आंतरराष्ट्रीय सिरॅमिक संग्रहालय १९०८ सालचं, गाएतानो बाल्लार्दिनी यांनी उभं केलेलं. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा उभं राहिलं. पण खरं काम गल्ल्यांतल्या कार्यशाळांत चालतं. भांडं एकदा भाजतात, मग कथिलाच्या पांढऱ्या झिलईत बुडवतात. ती वाळून खडूसारखी भुकटी होते आणि तिच्यावर रंग भरतात. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी. ती भुकटी रंग टेकवल्याक्षणी शोषून घेते. खोडायची सोय नाही. कुंचला अडखळला तर तो ठिपका दुसऱ्या भाजणीतून तसाच बाहेर येतो. हे समोर घडताना पाहिल्याशिवाय त्या ताटाची किंमत कळणं अशक्य आहे. विकत घेताना ताट उलटं कर. पैठणी घेताना मागची बाजू बघतेस ना, तसं. 'दिपिंतो आ मानो' म्हणजे रंग हातानं, ताट कदाचित साच्यातलं. 'फात्तो आ मानो' म्हणजे घडणही हाताची. छोटं भिंग जवळ ठेव : रेघेत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील आहे. आणि पैठणीचं नाव निघालंच आहे तर विचारते, येवल्याला माग चालताना पाहिलायस का तू? नसशील तर इटलीच्या आधी तिथे जा.

फाएन्झाहून रावेन्नाला जा. तिथलं सान व्हिताले हे चर्च ५४७ साली प्रतिष्ठापित झालं. मोझाइकचे काचेचे तुकडे मुद्दाम एका पातळीत बसवलेले नाहीत, किंचित तिरके आहेत, म्हणून उजेड हलला की सोनं हलतं. तू जागची हल, मान हलव, एका जागी उभी राहून बघू नकोस. गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या समाधीत फार थोडा वेळ आत सोडतात आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते. आत शिरल्यावर पहिला मिनिटभर गप्प उभी राहा. अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या खिडक्यांचा उजेड मंद असतो, डोळ्यांना तेवढा वेळ लागतो. गावात मोझाइकच्या कार्यशाळाही आहेत. तिथे छोट्या हातोडीनं काच तोडताना बघ, आधीच. मग सान व्हितालेतला प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी हातातून गेल्यासारखा दिसेल.

मोडेनाच्या कॅथेड्रलचंही तेच. समोरचं विलिजेल्मो या शिल्पकाराचं कोरीवकाम सगळे बघतात. तू मागे जा. तिथल्या अर्धगोल भिंतीवर शहराची जुनी मापं कोरलेली आहेत, वीट केवढी, कौल केवढं, हात केवढा. बाजारात फसवणूक होऊ नये म्हणून देवळाच्या भिंतीवर मापं! मला तो वारसा सगळ्यांत जवळचा वाटतो.

तू म्हणशील, एवढे पैसे घालून एकाच प्रांतात काय राहायचं, लोक विचारतील. विचारू दे. मी कितीतरी वर्षं अशाच याद्या पूर्ण करण्यात घालवली आहेत आणि त्यांतलं आज सांगण्यासारखं काही हाताला लागत नाही, ही खंत जात नाही. म्हणूनच तुझ्या यादीचा एवढा राग आला. मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. आठ शहरांत आठ वस्तू चाखणारीपेक्षा एक गोळा कढईतून वर येताना पाहिलेली मुलगी चीजबद्दल जास्त जाणते, यावर मी तसूभरही हलणार नाही.

जाण्यायेण्याचं : प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, विसरलीस तर दंड. चीजघरं खेड्यांत आहेत, बस तुरळक. स्टेशनवरून टॅक्सी आदल्या दिवशी ठरव आणि परतीचीही तेव्हाच सांग. गाडी भाड्यानं घेण्याच्या फंदात पडू नकोस. जुन्या गावांत झेडटीएल नावाचे बंदिस्त भाग असतात, कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंड महिन्यांनंतर घरी येतो. शिवाय तुझा परवाना तीन वर्षांच्या आतला आहे, अशा चालकाला तिथे दारूचा थेंबही चालत नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला कार्यशाळा बंद होतात, म्हणून सकाळ कधी झोपेत घालवू नकोस. १५ ऑगस्टच्या आसपास तर जाऊच नकोस, सगळं बंद असतं.

आता आधी मे महिन्याचं तिकीट कोणत्या तारखेपर्यंत रद्द करता येतं ते बघ आणि मला आजच कळव. मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळसाठी चीजघराला मेल पाठव. मसुदा मी इटालियनमध्ये लिहून देते.

तुझी,
मावशी