नवा फोन घेऊ की बॅटरी बदलू?

गणपती उठले की आमच्या मेलबॉक्समध्ये एकच विषय. सप्टेंबरात नवे आयफोन येतात, लगेच सेल लागतात, मग दिवाळी, आणि सगळ्यांना आपापला फोन एकदम म्हातारा वाटायला लागतो. या वेळी, म्हणजे 2025 मध्ये, आलेल्या पत्रांतली पाच घेतोय, सगळी फोन बदलण्याबद्दलचीच आहेत.

प्रश्न : सर, मी एमआर आहे, दिवसभर बाईकवर, मॅप चालू, हॉटस्पॉट चालू. सॅमसंग गॅलक्सी एस 22 आहे, मे 2022 मध्ये घेतलेला. संध्याकाळी पाचला बॅटरी 15 टक्के, आणि दुपारी उन्हात असा तापतो की खिशात ठेववत नाही. दुकानदार म्हणतो एस 25 घ्या, कॅमेरा जबरदस्त आहे, जुन्याचे पण पैसे येतील. बायको म्हणते काही गरज नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वहिनींशी वाद घालू नका एवढं आधी सांगतो, कारण निम्मं त्यांचं बरोबर आहे. दुकानदाराचं मात्र साफ चुकलंय, निदान कॅमेऱ्याबाबत तरी. एस 22 मध्ये मागे 50 मेगापिक्सेलचा मेन, 12 चा अल्ट्रावाइड आणि 10 चा तिप्पट झूमवाला कॅमेरा होता. एस 23 मध्ये तेच, एस 24 मध्ये तेच आणि जानेवारी 2025 ला आलेल्या एस 25 मध्येही तेच आकडे. सॉफ्टवेअर सुधारलंय, रात्रीचे फोटो जरा स्वच्छ येतात, हे मान्य. पण परवा मी मित्राचा एस 25 आणि घरातला एस 22 घेऊन गॅलरीतल्या आकाशकंदिलाचे फोटो काढले, दोन्ही फॅमिली ग्रुपवर टाकले आणि विचारलं की नव्या फोनचा कुठला. सातपैकी चौघांनी जुन्याचा नवा सांगितला, दोघांनी उत्तर दिलं नाही आणि मावशीने विचारलं की कंदील कुठून आणलास. आता कोणी म्हणेल की व्हॉट्सॅपवर फोटो दाबला जातो, बरोबर आहे, पण तुमचे-माझे फोटो शेवटी जातात तरी कुठे?

आता तापण्याचं बघू, कारण तुमचा खरा त्रास तोच आहे. भारतात आलेल्या एस 22 मध्ये स्नॅपड्रॅगन 8 जेन 1 ही चिप होती आणि ती गरम होण्यासाठी बदनामच होती. नंतर ही चिप काढणाऱ्या क्वालकॉम कंपनीने ती बनवून घ्यायचा कारखाना बदलला, सॅमसंगकडून तैवानच्या टीएसएमसीकडे गेले, आणि एस 23 मध्ये फरक सरळ जाणवला. एस 25 मध्ये स्नॅपड्रॅगन 8 एलिट आहे, रॅम 8 ची 12 जीबी झाली, बॅटरी 3700 ची 4000 एमएएच. बॅटरीचा आकडा फार वाढलेला नाही, पण चिपच कमी खाते त्यामुळे दिवस जास्त निघतो. चार्जिंग मात्र दोन्हीकडे 25 वॉटचंच. चार्जर डब्यात मिळत नाही, पण तो तुम्हाला 2022 मध्येही मिळाला नसेल, त्यामुळे घरात आहे तो चालेल.

मी तुमच्या जागी असतो तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन बॅटरी बदलून घेतली असती. साडेतीन वर्षं रोज उन्हात तापलेली लिथियमची बॅटरी मेलेलीच असते, फोनमध्ये सॅमसंग मेंबर्स नावाचं ॲप असतं त्यात डायग्नोस्टिक्समध्ये जाऊन तब्येत बघता येते, बघा एकदा. पाचच्या ऐवजी रात्री नऊपर्यंत पोचला तर अजून वर्षभर काढा, कारण एस 22 ला सिक्युरिटी अपडेट पाच वर्षांची आहेत, म्हणजे 2027 च्या सुरुवातीपर्यंत काळजी नाही. आणि हो, बाईकच्या हँडलवर प्लास्टिकच्या पारदर्शक पाऊचमध्ये फोन लावत असाल तर तो पाऊच आजच काढून टाका, हवा लागत नाही, आत भट्टी होते, आणि वर चार्जिंगही लावलेलं असणार.

बॅटरी बदलूनही दुपारी तापला तर मग घ्या एस 25, तेव्हा मी वहिनींना पण समजावेन. त्याला सात वर्षं अपडेट आहेत, 2032 पर्यंत. जानेवारी 2025 मध्ये 256 जीबीचा 80,999 ला आला होता, त्या भावात आता घेऊ नका, सेलमध्ये बराच खाली मिळतो. आणि जानेवारी-फेब्रुवारीत सॅमसंगची नवी सीरिज येते तेव्हा अजून उतरेल, त्यामुळे घाई कशाची हेच मला कळत नाही.

प्रश्न : 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी कमी झाला म्हणे, मग फोन का स्वस्त झाले नाहीत? दुकानदार खातोय का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही हो, या वेळी तो बिचारा निर्दोष आहे. मोबाईलवर एप्रिल 2020 पासून 18 टक्के आहे आणि अजूनही 18 च आहे. मोठे टीव्ही, एसी 28 वरून 18 वर आले, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की फोनचंही झालं. फोनचा भाव सेलमुळे उतरतो, तेवढाच.

प्रश्न : दादा, मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. एस 25 अल्ट्रा घ्यायचाय, पप्पा अर्धे देतील, बाकी नो कॉस्ट ईएमआय. गेमिंग, रील्स आणि नोट्स काढायला एस पेन. आत्ताचा मिडरेंज आहे, दोन वर्षं झाली, लॅग मारतो. ईएमआय नो कॉस्ट आहे म्हणजे एक्स्ट्रा काही जात नाही ना?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जातं रे. नो कॉस्ट म्हणजे बँक व्याज लावतेच, फक्त तेवढीच रक्कम विकणारा आधीच किमतीतून वजा करून दाखवतो. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि तो तुझ्या खिशातून जातो, शिवाय बऱ्याच बँका प्रोसेसिंग फी घेतात, त्यावर परत जीएसटी. हिशेब कर, 90 हजार 9 महिन्यांसाठी 16 टक्क्यांनी घेतलेस तर व्याज साधारण सहा हजार आणि त्यावरचा टॅक्स हजार-अकराशे. फार मोठी रक्कम नाही, पण शून्य पण नाही. आणि खरी गंमत पुढे आहे, एकरकमी पैसे भरणाऱ्याला जो कार्डाचा डिस्काउंट मिळतो तो कधीकधी नो कॉस्टवाल्याला मिळत नाही, म्हणून पेमेंटच्या पानावर दोन्ही पर्याय उघडून शेवटचा आकडा बघायचा, वरची मोठ्या अक्षरातली जाहिरात नाही.

आता फोनबद्दल. अल्ट्रा उत्तम आहे, प्रश्नच नाही, पण तुला एस 25 च का? जानेवारी 2024 चा एस 24 अल्ट्रा पण 1,29,999 लाच आला होता, म्हणजे नव्याच्याच भावात, आणि आता सेलमध्ये त्याचा भाव कुठल्या कुठे खाली आलाय. बॅटरी दोन्हीत 5000, चार्जिंग दोन्हीत 45 वॉट, मेन कॅमेरा दोन्हीत 200 मेगापिक्सेलचा. नव्यात अल्ट्रावाइड 12 चा 50 मेगापिक्सेल झाला, वजन 232 ग्रॅमवरून 218 वर आलं, चिप नवी. आणि ज्या पेनासाठी तू घेतोयस त्या पेनातलं ब्लूटूथ नव्यात काढून टाकलंय, म्हणजे पेनाचं बटण दाबून लांबून फोटो काढायचा, स्लाइड बदलायची, ते जुन्यात होतं आणि नव्यात नाही! लिहायला दोन्ही सारखेच. जुन्यालाही सात वर्षांची अपडेट आहेत, म्हणजे 2031 पर्यंत, तोवर तू इंजिनिअर होऊन स्वतःच्या पगारातून दोन फोन बदललेले असशील.

अजून एक, पप्पांना सांगायला अवघड जाईल पण सांग. एवढ्या महागाच्या फोनची स्क्रीन फुटली की ती बदलायच्या पैशात एक बरा मिडरेंज येतो. हॉस्टेलच्या वरच्या बंकवर झोपून रील बघणाऱ्या माणसाने स्क्रीनचा विमा बजेटमध्ये आधीच धरायचा, नंतर आठवण येऊन उपयोग नाही. आणि तुझा सध्याचा फोन लॅग का मारतो ते बघितलंस का, स्टोरेज 128 पैकी 124 भरलं असेल तर कुठलाही फोन रडेल. एकदा सगळं कॉम्प्युटरवर काढून फॅक्टरी रिसेट मार, चार दिवस वापर, मग लिही मला.

तुझा आत्ताचा फोन एक्स्चेंजला देताना आधी गूगल अकाउंट सेटिंगमधून काढ आणि मगच रिसेट, उलटं केलंस तर फोन लॉक होऊन बसतो आणि घ्यायला आलेला डिलिव्हरीवाला दारातून परत जातो. आणि जर सेकंडहँड अल्ट्रा बघणार असशील तर *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढायचा, केवायएम, मग स्पेस देऊन तो नंबर, आणि 14422 ला एसएमएस. केवायएम इंग्रजी अक्षरात लिही. ब्लॅकलिस्टेड आलं तर मागे वळूनही बघू नकोस, चोरीचा आहे.

प्रश्न : आमचं होमस्टे आहे. पाहुण्यांचे पाण्याखालचे व्हिडिओ काढायला नवा फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा फोन, घेतो म्हणतोय, आयपी 68 आहे म्हणजे समुद्रात चालेल ना?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. आयपी 68 म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, आणि त्याची टेस्ट गोड्या पाण्यातली असते, फोनच्या माहितीत दीड मीटर, अर्धा तास असं जे लिहितात ते त्याचंच. खारं पाणी चार्जिंगच्या पोर्टात शिरलं की तिथल्या पिना खातं, आज फोन चालू राहील आणि पंधरा दिवसांनी चार्ज होणं बंद होईल, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. त्यात ते रबराचं सील पण वर्षागणिक सैल पडतं. तुमच्या कामाला साधा ॲक्शन कॅमेरा आणि त्याचं वॉटरप्रूफ केसिंग घ्या, फ्लॅगशिपच्या निम्म्या पैशात होईल, आणि पाहुण्याच्या हातून पडलाच तरी तुमचे बँकेचे ॲप त्यात नसतील.

प्रश्न : नमस्कार. माझं वय 67. मुलगा अमेरिकेत आहे, डिसेंबरात येतोय, म्हणतो आई तुझा फोन फार जुना झाला, इथून आयफोन 17 आणतो, तिकडे स्वस्त पडतो. मला तो येईल का वापरायला, आणि मुख्य म्हणजे माझ्या व्हॉट्सॅपवर ह्यांचे आवाजातले मेसेज आहेत, तीन वर्षांपूर्वीचे, ते राहतील का? सध्याचा अँड्रॉइड आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : काकू, वापरायला येईल, आठवडाभर चिडचिड होईल आणि मग येईल. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी मुलाचा हिशेब. 2025 मध्ये तिकडे आयफोन 17 ची किंमत 799 डॉलर होती, पण ती टॅक्स सोडून. राज्याराज्याचा टॅक्स वेगळा, ओरेगॉनमध्ये शून्य, बऱ्याच ठिकाणी सात-आठ टक्के. आठ टक्के धरला आणि डॉलर तेव्हाचा 88 रुपये, तर 76 हजारांच्या आसपास. इथे 82,900 होती, त्यातून बँकेची सूट. म्हणजे वाचतात किती, सहा-सात हजार, सूट धरली तर त्याहून कमी. आणि त्या बदल्यात अमेरिकेतल्या आयफोनला, 14 पासून पुढच्या सगळ्यांना, सिम घालायची जागाच नसते. फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम. जिओ, एअरटेल, व्ही देतात ई-सिम, पण उद्या फोन बिघडला आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावं म्हटलं तर ते करता येणार नाही, आणि मुलगा तोवर परत गेलेला असेल. माझं मत विचाराल तर इथलाच घ्या, सिमची जागा असलेला. पैसे मुलालाच भरू द्या.

आता ह्यांचे मेसेज. अँड्रॉइडवर व्हॉट्सॅपचा बॅकअप गूगलवर जातो, आणि तो गूगलचा बॅकअप आयफोनमध्ये उघडत नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही आणि लोक जुना फोन एक्स्चेंजला देऊन मोकळे होतात. बरोबर मार्ग असा, नवा आयफोन पहिल्यांदा चालू करतानाच, नंतर नाही, जुन्या फोनमध्ये 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप घ्यायचं, दोन्ही फोन एकाच वायफायवर, दोन्ही चार्जिंगला, आणि त्या यादीत व्हॉट्सॅप निवडायचं. नंबर तोच ठेवायचा. सिम जुन्या फोनमध्येच असू द्या, ओटीपी त्यावर येईल, तो नव्यात टाका. सगळं नीट आलं की मगच सिम हलवा. आणि इथला न घेता मुलाने तिकडचाच आणला तर ई-सिम अगदी शेवटी करा, कारण त्यानंतर 24 तास एसएमएस येत नाहीत, बँकेचा ओटीपीही नाही, तेव्हा घाबरू नका.

पण त्याच्याही आधी, मुलगा यायची वाट न बघता, या रविवारीच एक करा. शेजारच्या कोणा कॉलेजच्या मुलाला बोलवा आणि जुन्या फोनच्या फाइल्समध्ये व्हॉट्सॅपच्या मीडिया फोल्डरात 'व्हॉइस नोट्स' म्हणून एक फोल्डर असतं ते उघडायला सांगा. आत आकड्यांची बरीच फोल्डरं दिसतील, 202240, 202241 अशी. पहिले चार आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. ह्यांचे मेसेज ज्या महिन्यांतले असतील ते आठवडे त्यात सापडतील. आलेले आणि पाठवलेले सगळे एकत्रच असतात आणि कोणाचे आहेत ते नावावरून कळत नाही, त्यामुळे बसून ऐकावे लागतील, चहा करून बसा. अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर एकदा आणि कॉम्प्युटरवर एकदा उतरवून घ्या, एक प्रत मुलाला पाठवा. आणि जुना फोन एक्स्चेंजला देऊ नका काकू, त्याचे येऊन येऊन येणार किती, कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.