गटातील स्त्रियांच्या खासगी अनुभवांवर नाटक करायचे असेल तर काय सांभाळावे?

पाळी, रजोनिवृत्ती, लैंगिक इच्छा आणि नकार या विषयांवर, आपल्या हौशी गटातील स्त्रियांच्याच अनुभवांतून नाटक उभे करायचे आहे. प्रेक्षक उठून जातील आणि त्या स्त्रियांची बदनामी होईल अशी भीती वाटते, म्हणून धीटपणे करावे की आडवळणाने, असा आपला प्रश्न आहे. अशा नाटकांच्या तालमी मी बरीच वर्षे घेत आले आहे. माझे मत असे की भाषा धीटच असावी, पण जिचा अनुभव आहे तिला पात्राचा आडोसा पुरेपूर मिळाला पाहिजे.

प्रेक्षक उठून जाण्याची चिंता मी फारशी करणार नाही. जाणारे जातात आणि राहिलेले अधिक लक्ष देऊन ऐकतात. बदनामीची भीती मात्र खरी आहे. व्यावसायिक अभिनेत्रीच्या तोंडचे वाक्य लेखकाचे मानले जाते, पण ओळखीची स्त्री रंगमंचावर तेच वाक्य बोलली की ते तिचेच आयुष्य आहे असे लोक धरून चालतात, आणि प्रयोग संपल्यावर त्याची उत्तरे तिला एकटीला द्यावी लागतात.

म्हणून जिने अनुभव सांगितला तिच्या तोंडी तो कधीही देऊ नये. तीन-चार जणींच्या हकिकती एकत्र कराव्यात, वय, नाती आणि घरची परिस्थिती बदलावी. अमेरिकन नाटककार ईव्ह एन्सलर यांचे ‘द व्हजायना मोनोलॉग्ज’ (१९९६) हे नाटक दोनशेहून अधिक स्त्रियांशी झालेल्या बोलण्यावर उभे आहे आणि वंदना खरे यांनी ते ‘योनीच्या मनीच्या गुजगोष्टी’ या नावाने मराठीत आणले. परंतु तिथे सांगणारी स्त्री आणि सादर करणारी स्त्री एकमेकींना ओळखतही नसतात. आपल्या गटात त्या दोघी एकाच खोलीत बसलेल्या असतात, त्यामुळे आपली जबाबदारी जास्त आहे.

हा आडोसा काय करू शकतो ते मी एका तालमीत पाहिले आहे. रजोनिवृत्तीनंतर संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदनेविषयी एक बाई सारे काही ‘माझ्या एका ओळखीच्या बाईचे’ म्हणून सांगत होत्या. आम्ही तो प्रसंग दुसऱ्या मुलीला दिला, तेव्हा त्यांनी आपणहून नवऱ्याची भूमिका मागून घेतली. बायको बोलू लागताच त्यांनी पांघरूण नीट केले, दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि अगदी शांतपणे विचारले, “मग आजवर कशी बोलली नाहीस?” तो हात कोणत्या शब्दाला पुढे जातो हे त्यांना नेमके ठाऊक होते. तसा प्रसंग कोणत्याही लेखकाला घरी बसून सुचला नसता.

संहितेतील वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, कारण नाटकातून पसरलेला गैरसमज पत्रकाने पुसला जात नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्यामुळे योनीमार्गात येणारा कोरडेपणा हे त्या वेदनेचे एक सर्वसामान्य कारण आहे आणि त्यावर उपचार आहेत, एवढे नाटकात आले तरी पुष्कळ. तसेच पहिल्या संबंधात रक्तस्राव झालाच पाहिजे अशा समजुतीला एखाद्या विनोदातूनही दुजोरा मिळू देऊ नये. कौमार्य सिद्ध करू शकेल अशी कोणतीही तपासणी नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह स्पष्ट सांगितलेले आहे.

प्रेक्षकांना सामील करून घ्यायचे असेल तर ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांचे फोरम थिएटर, म्हणजे प्रेक्षकाने रंगमंचावर येऊन एखाद्या पात्राची जागा घ्यायची आणि प्रसंग बदलून पाहायचा ही पद्धत, अवश्य अभ्यासावे. त्याच्या उगमाची हकिकत ते स्वतः सांगत. १९७३ मध्ये ते पेरूतील साक्षरता मोहिमेत असताना, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका स्त्रीने त्यांना आपली अडचण सांगितली: नवऱ्याने घर बांधण्याच्या पावत्या म्हणून जपायला दिलेले कागद शेजारणीने वाचले तेव्हा ती प्रेमपत्रे निघाली, आणि तो आज घरी येणार आहे, तर मी काय करू? नटांनी तो प्रसंग केला, प्रेक्षकांनी उपाय सुचवले. आपला उपाय नटीला नीट साधत नाही म्हणून चिडलेली एक बाई शेवटी स्वतः रंगमंचावर चढली आणि नवरा झालेल्या नटाला तिने चांगलाच चोप दिला. मला यात मोलाचे वाटते ते हे की जिची अडचण होती तिला स्वतः उभे राहावे लागले नाही, आणि प्रेक्षकांसमोर ठेवलेला प्रश्न ‘तिचे चुकले का’ असा नव्हता.

बळजबरीचा प्रसंग असेल तर मात्र पीडितेची जागा प्रेक्षकांना घेऊ देऊ नये. तसे केल्यास प्रत्येक सूचना ‘हिने असे वागायला हवे होते’ या आरोपाकडे वळते, आणि तेच भोगलेली एखादी स्त्री प्रेक्षकांत बसून ते ऐकत असते. बदलू द्यावे ते सारे ऐकूनही गप्प राहिलेल्या शेजाऱ्याला, बहिणीला किंवा मित्राला. प्रयोगानंतरच्या चर्चेत ‘हे कोणाच्या बाबतीत घडले’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, असे सूत्रधाराने आधीच जाहीर करावे. शिवाय, आपला अनुभव काढून घेण्याचा अधिकार प्रत्येकीला प्रयोगाच्या दिवसापर्यंत असावा, कारण विचारले जाऊ नये. त्यासाठी प्रत्येक प्रसंग वगळला तरी नाटक पुढे जाईल अशीच बांधणी पहिल्या तालमीपासून ठेवावी.