तिला कळतं, पण अर्थ लागत नाही

प्रिय,

तुझ्या कादंबरीची चार प्रकरणं वाचली. कडेला पेन्सिलीनं खुणा केल्यात, त्या बहुतेक शुद्धलेखनाच्या आहेत. फार मनावर घेऊ नकोस. पत्र लिहायचं कारण वेगळंय. तुझ्या नायिकेला जरा जास्तच येतं. पहिल्या प्रकरणात ती आईच्या मनातलं ओळखते, दुसऱ्यात उद्याचा अपघात तिला आज दिसतो, तिसऱ्यात रागाच्या भरात हात न लावता कपाट हलवते, आणि चौथ्यात आजीची डायरी सापडून हे सगळं कुठून आलं तेही तिला समजतं. पाचव्यासाठी तू काही शिल्लकच ठेवलेलं नाहीस. तू तिथे अडलीस ती त्यामुळे. कल्पनाशक्ती आटलीय वगैरे काही नाही.

एकच शक्ती ठेव. कारण प्रत्येक शक्तीतून निराळी कादंबरी निघते, आणि तू तीन कादंबऱ्या एकाच वेळी लिहायला बसलीयस.

टेलिपथी घेतलीस तर गोष्ट खासगीपणाची होते. त्यात या वयाची एक गंमत आहे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये मांडलं होतं की किशोरवयात मुलांना सतत वाटत असतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. जणू एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग कायम समोर बसलेला असतो. आता अशा मुलीला एक दिवस वर्गातल्या सगळ्यांची मनं ऐकू यायला लागली तर? तिच्या तोंडावरच्या पुटकुळीबद्दल कुणीच विचार करत नाहीये. तिच्याबद्दलच कुणी विचार करत नाहीये. सुटका झाली म्हणून हसावं की रडावं, हे तिला कळणार नाही. हा प्रसंग तू लिहिला नाहीस तर मी चोरेन.

पुढचं दिसणं घेतलंस तर प्रश्न जबाबदारीचा होतो. ग्रीकांच्या कॅसँड्राला भविष्य दिसायचं, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा तिला शाप होता. आपल्या लोककथेतल्या सहदेवाला सगळं ठाऊक असायचं, पण विचारल्याशिवाय सांगायची मुभा नव्हती. मला सहदेवाचं दुखणं जास्त छळणारं वाटतं. मनानं वस्तू हलवण्याचं मात्र सोडून दे. रागावलेली मुलगी आणि फुटणाऱ्या काचा यावर इतकं लिहून झालंय की तिथे नवी वाट काढायला फार मोठी लेखणी लागेल.

माझं मत विचारशील तर दुसऱ्या प्रकरणातली एक ओळ उचल. तिथे तू जाता जाता लिहून गेलीस की जुन्या वस्तू हातात घेतल्या की तिला ‘कसंतरी होतं’. याला सायकोमेट्री म्हणतात: वस्तूला हात लावला की ती वापरणाऱ्याचं काहीतरी आपल्यापर्यंत पोचणं. वारशाच्या गोष्टीला ही शक्ती सगळ्यात जवळची, कारण वारसा म्हणजे तरी काय, दुसऱ्यांनी हाताळून झालेल्या वस्तू आपल्या हातात येणं.

आता वारशाचं. आजी, आई, मुलगी ही साखळी तू सवयीनं घेतलीस, सगळेच घेतात. जरा बापाच्या बाजूनं विचार करून बघ. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं. ते त्याला त्याच्या आईकडून मिळतं आणि त्याच्या प्रत्येक मुलीकडे जातं. मुलाकडे जात नाही. तुझी शक्ती या गुणसूत्रावर बसव आणि ती फक्त बायकांमध्येच प्रकट होते असं ठरव. हे काही अगदीच हवेतलं नाही. वळूच्या अंगात दुधाचे गुण असतात आणि ते पुढच्या पिढीत उतरतात, दूध मात्र गायच देते. म्हणजे बापाला स्वतःला काही जाणवत नाही, पण आपल्या आईचं काय झालं ते त्यानं लहानपणी पाहिलंय. आत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी होती आणि तिला मिळालं नाही. तिला त्याबद्दल हायसं वाटतं की हेवा वाटतो, हे तू ठरव. मला दोन्ही चालेल. आणि तुझ्या नायिकेची ती धाकटी बहीण, जिला तू तिसऱ्या प्रकरणानंतर साफ विसरलीस? या नियमानं तिच्यातही ते असणारच. अजून वेळ आलेली नाही, एवढंच.

हे सगळं तुला माहीत असू दे. कादंबरीत गुणसूत्रांचा धडा नको. फार तर जीवशास्त्राच्या तासाला फळ्यावर चार ओळी येतील आणि नायिका वहीच्या मागच्या पानावर घरातल्या माणसांची नावं लिहून रेघा ओढेल. दोन वाक्यांत आटप.

डायरी मात्र काढून टाक. काळजावर दगड ठेव आणि काढ. डायरी सापडली की आजी सगळं समजावून सांगते आणि नायिका नुसती वाचत बसते. घराण्यात एखादी गोष्ट खरोखर चालत आलेली असते, तेव्हा ती अशी लिहून ठेवलेली सापडत नाही. ती घरातल्या माणसांच्या वागण्यात असते, आणि घरातल्या मुलांना ते वागणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही विचित्र आहे हे कळायलाच तेरा-चौदा वर्षं जातात.

उदाहरण देते. समज, बाबा कुठलीही वस्तू तिच्या हातात द्यायच्या आधी पुसतात. किल्ली, पेन, चष्म्याची डबी. शर्टाच्या टोकानं दोनदा पुसायची आणि मग द्यायची. ती लहानपणापासून हे बघत आलीय. तिच्या लेखी बाबा टापटिपीचे आहेत, बस्स. एका संध्याकाळी दारात घाई असते, बाबांच्या एका हातात पिशव्या असतात, आणि ती त्यांच्या दुसऱ्या हातातून किल्ली ओढून घेते. न पुसलेली. कुलुपात किल्ली फिरवताना तिच्या दंडात अचानक जडपणा येतो, जणू बराच वेळ कुणाला तरी उचलून धरलंय. जिभेवर औषधाची कडवट चव. आणि एक विचार, जो तिचा नाही: आता संपलं तर बरं. ती मागे वळून बघते. बाबांचा चेहरा पांढरा पडलेला असतो. ते म्हणतात, “किल्ली दे इकडे.”

इथे थांब. तिला काय कळलं? तीन गोष्टी, त्याही तुटक. त्यांचा अर्थ ती काय लावेल? बाबांना कुणीतरी मरायला हवंय, असाच. चौदाव्या वर्षी दुसरा कुठला अर्थ लागणार? खरं काय, तर बाबा कितीतरी महिने कुणाला न सांगता आजीच्या शुश्रूषेला जाताहेत, तिला उठवून बसवताहेत, आणि दमलेल्या माणसाच्या मनात येतं ते त्यांच्याही मनात येऊन गेलं. आजी जिवंत आहे हेच या मुलीला ठाऊक नाही. तुझी कादंबरी मला इथे दिसते. शक्ती तिला पुरावा देते, अर्थ देत नाही. अर्थ तिला स्वतःच्या वयानं, स्वतःच्या रागालोभानं लावावा लागतो, आणि तो शंभर पानं चुकत राहतो. शक्ती कधी खोटं सांगत नाही, चुकते ती पोर. वाचक तिच्याबरोबर चुकला पाहिजे.

चाचणीचा प्रसंग तू घातलायस, तो मला आवडला, पण तयारी कमी पडलीय. जे. बी. राइन या संशोधकांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९३० च्या दशकात असे प्रयोग केले: पत्त्यावरचं चिन्ह न बघता ओळखायचं. पत्ते २५, चिन्हं पाच: वर्तुळ, अधिकचं चिन्ह, लाटा, चौकोन, तारा. निव्वळ अंदाजानं सरासरी पाच बरोबर येतात. पुढे टीका झाली ती अशी की सुरुवातीच्या काही पत्त्यांवरची चिन्हं मागच्या बाजूनं ओळखू येत होती, आणि मोठमोठे आकडे इतरांच्या प्रयोगांत काही पुन्हा येईनात. पण तुला हवाय तो तपशील वेगळाच. अंदाजानं नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे वीस मुलं बसवली तर त्यांतलं एखादं नुसत्या नशिबावर तिथवर पोचतं. आता मजा बघ. तुझी नायिका या परीक्षेत सपशेल नापास होते, कारण पत्ते कोरे करकरीत आहेत, त्यांना कुणाचा हातच लागलेला नाही. आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला नऊ येतात. सगळे त्याच्याभोवती जमतात. बिचाऱ्यात काहीही नसतं.

त्या मुलाचं पुढे काय होतं ते लिहायचा मोह झाला तर आवरू नकोस. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी मॅगी आणि केट फॉक्स या दोघी बहिणींनी घरात ठोक्यांचे आवाज येतात आणि ते मृतात्म्यांचे आहेत अशी बतावणी केली. पोरीबाळी होत्या. मोठ्यांनी ते उचलून धरलं, थोरल्या बहिणीनं त्यांचे कार्यक्रम लावले, आणि त्यातून एक अख्खा पंथ उभा राहिला. १८८८ मध्ये मॅगीनं भर सभेत दाखवून दिलं की तो आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांचा होता. पुढच्याच वर्षी तिनं तो कबुलीजबाब मागे घेतला. चाळीस वर्षांनंतरही तिला त्यातून धड बाहेर पडता आलं नाही. तुझ्या हस्तलिखितात खलनायक आहे तो विश्वास न ठेवणारा मुख्याध्यापक. मला भीती वाटते ती भाबडेपणानं विश्वास ठेवणाऱ्या माणसाची, कारण त्याला त्या मुलीकडून रोज नवं काहीतरी हवं असतं. आणि ती गुप्त संस्था, काळी गाडी वगैरे नको गं. घरची माणसं पुरेशी आहेत.

भाषेबद्दल थोडं. ‘अचानक तिच्या डोळ्यांसमोर एक चित्र तरळलं’ हे वाक्य तुझ्या मजकुरात वारंवार येतं. चित्र तरळू देऊ नकोस. काय कळलं ते शरीरावर टाक: दंड, जीभ, मान, तळवे. ‘गूढ’, ‘अगम्य’, ‘अनामिक’ ही विशेषणं सरसकट खोड. ती आली की वाचक सावध होतो आणि लेखक सुस्तावतो. शक्ती वापरल्यावर नाकातून रक्त येणं, डोकं ठणकणं हेही नको. तिला किंमत मोजायला लाव, पण ती नात्यांत. मैत्रिणीनं प्रेमानं दिलेला स्वेटर अंगात घालता येत नाही आणि का ते सांगता येत नाही, ही किंमत मोठी आहे. मैत्रीण काय समजेल, सांग?

आणि तिला शाळा असू दे, परीक्षा असू दे, आवडणारा मुलगा असू दे, न आवडणारं नाक असू दे. निम्मं पुस्तक त्यातच गेलं तरी हरकत नाही.

आता पुढचं काम. पहिली चार प्रकरणं बाजूला ठेव, फाडू नकोस. किल्लीचा प्रसंग तुझ्या पद्धतीनं लिही. माझा जसाच्या तसा घेतलास तर परत पाठवीन. मग एकदम उडी मारून धाकट्या बहिणीवर ये: ती नऊ-दहा वर्षांची आहे, शाळेतून येताना रस्त्यात सापडलेला कुणाचा तरी हातमोजा घेऊन आलीय आणि तो हातात घालायच्या बेतात आहे. तुझी नायिका काय करते? हिसकावून घेते, बाबांसारखा पुसून देते, की सगळं सांगते? मधली पानं कशी भरायची ते या उत्तरावर ठरेल. तेवढे दोन प्रसंग आधी पाठव.

तुझ्या,
बाई