वाचकांचे प्रश्न : घरी तयार केलेला हायड्रोजन साठवावा का?

प्रश्न : आम्ही कोपरखैरणे येथे बैठ्या घरात राहतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या मुलाने गच्चीवरील सौर पॅनेलच्या विजेवर पाण्यापासून हायड्रोजन तयार करण्याचे यंत्र जुळवले आहे. प्लास्टिकच्या बरणीत स्टीलच्या पट्ट्या, कॉस्टिक सोड्याचे पाणी आणि झाकणातून निघालेली एकच नळी, असे त्याचे स्वरूप आहे. त्या नळीतील वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये भरतो, आणि ती ट्यूब स्वयंपाकघराच्या माळ्यावर असते. पुढे फ्रिजच्या कॉम्प्रेसरने हा वायू पाच किलोच्या रिकाम्या गॅस सिलिंडरमध्ये भरून त्यावर स्वयंपाक करायचा त्याचा बेत आहे. ‘मध्ये पाण्याची बाटली असल्यामुळे ज्योत मागे येत नाही, आणि हायड्रोजन हलका असल्यामुळे गळला तरी उडून जातो,’ असे त्याचे म्हणणे आहे. ते कितपत खरे?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : हा अंक हाती पडेपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून आपल्याला जे फोनवर सांगितले तेच इतरांसाठी येथे पुन्हा लिहितो. यंत्राची वीज गच्चीवरूनच तोडावी, माळ्याजवळ शेगडी तर सोडाच, दिव्याचे बटणही दाबू नये, घरातील सर्वांनी बाहेर पडावे आणि भरलेली ट्यूब स्वतः खाली उतरवण्याच्या भानगडीत न पडता अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर बोलवावे. एका ट्यूबसाठी बंब बोलवायचा का, असा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या ट्यूबमध्ये जे आहे त्याला नुसता हायड्रोजन म्हणता येत नाही.

आपल्या पत्रातील सर्वांत बोलका शब्द ‘एकच’ नळी हा आहे. पाण्याचे विघटन झाले की एका पट्टीवर हायड्रोजन आणि दुसरीवर ऑक्सिजन सुटतो, आणि दोन्ही एकाच बरणीत, एकाच झाकणाखाली असतील तर नळीतून दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असे नेमके जळण्याच्या प्रमाणातले मिश्रण बाहेर पडते. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये हवा नसते, त्यामुळे आत ज्योत जळूच शकत नाही; येथे मात्र इंधन आणि त्याला जाळणारा ऑक्सिजन एकाच पिशवीत बांधून ठेवलेले आहेत आणि वाट फक्त ठिणगीची आहे. या मिश्रणाचा पूर्ण स्फोट झाला तर त्याची लाट सेकंदाला सुमारे २८०० मीटर वेगाने जाते. पाण्याची बाटली बारीक नळीतून परतणारी लहानशी ज्योत कधी अडवते, कधी अडवत नाही. आणि अडवली तरी बाटलीच्या पलीकडे असलेल्या ट्यूबचे रक्षण ती मुळीच करत नाही. हे मिश्रण जिथे वापरतात तिथे ते लागेल तेवढेच तयार करून लगेच जाळतात, साठवत नाहीत.

मग दोन वायू वेगळे काढले तर? धोका कमी होतो, पण संपत नाही, आणि याचे उदाहरण आपल्या घरातील मांडणीशी विलक्षण जुळणारे आहे. दक्षिण कोरियातील गांगन्युंग येथे सौर विजेवर हायड्रोजन तयार करणाऱ्या प्रायोगिक केंद्रातील साठवण टाक्यांचा २३ मे २०१९ रोजी स्फोट झाला आणि त्यात दोघे दगावले. हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन शिरलेला होता. ढग आले आणि पॅनेलची वीज कमी झाली की हायड्रोजन कमी तयार होतो, पण दोन वायू वेगळे ठेवणाऱ्या मधल्या पडद्यातून पाझरणारा ऑक्सिजन त्या मानाने कमी होत नाही, म्हणून टाकीतील त्याचे प्रमाण वाढत जाते. ज्यांच्याकडे अभियंते आणि मोजमापाची साधने होती त्यांची ही गत, तर नवी मुंबईच्या पावसाळ्यात घरच्या बरणीचा काय भरवसा?

‘हलका आहे, उडून जातो’ हे अर्धे खरे आहे. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे चौदापट हलका असतो आणि मोकळ्या मैदानात तो खरोखरच वर निघून जातो. घरात मात्र वर स्लॅब असतो. गळलेला एलपीजी जमिनीलगत पसरतो, हायड्रोजन स्लॅबखाली तुळयांच्या कोपऱ्यांत आणि नेमका माळ्यावर साचतो, जिथे खिडकी नसते आणि दिव्याची वायर मात्र असते. एलपीजी हवेत साधारण २ ते ९.५ टक्के असेल तेव्हाच पेटतो. हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो, आणि त्याला लागणारी ठिणगी एलपीजीच्या ठिणगीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान पुरते. नायलॉनचा कपडा अंगावरून काढताना जे चटचटते, तेही त्याला पुष्कळ होते. त्यातून याला वासही नसतो. एलपीजीचा जो वास आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे जुने फोरमन हायड्रोजनच्या पाइपलाइनीजवळ जाताना लांब काठीला बांधलेली केरसुणी पुढे धरून चालत असत. मला ते हास्यास्पद वाटले होते. एके दिवशी भर दुपारी, समोर काहीही दिसत नसताना, केरसुणीचे टोक एकदम पेटले. फ्लँजमधून, म्हणजे पाइपांच्या जोडातून, गळणारा वायू जळत होता आणि उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना दिसतच नव्हती.

आता सिलिंडरचा बेत. एलपीजी थोड्याशा दाबाने द्रव होतो, म्हणून एवढ्याशा सिलिंडरमध्ये पाच किलो मावतो. हायड्रोजन उणे २४० अंश सेल्सियसच्या वरच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. सुमारे १२ लिटरच्या त्या सिलिंडरमध्ये हवेच्या दहापट दाबाने हायड्रोजन भरला तर जेमतेम १० ग्रॅम भरेल आणि त्याची उष्णता साधारण २५ ग्रॅम एलपीजीइतकी असेल. एवढ्यात दोन लिटर पाणी उकळले तरी पुष्कळ झाले. आणि त्यासाठी जोखीम केवढी! फ्रिजचा कॉम्प्रेसर ओढण्याच्या बाजूने हवा आत घेऊ शकतो आणि दाबताना वायू तापवतो. आपल्या ट्यूबमधील मिश्रण त्यात घालणे म्हणजे स्वतःच्या हाताने वात लावणे होय. शिवाय हायड्रोजन काही पोलादांत शिरून त्यांना ठिसूळ करतो, म्हणून त्याचे सिलिंडर वेगळे असतात. कायद्यानेही ही मोकळीक नाही. दाबाखालील वायू सिलिंडरमध्ये भरणे ‘गॅस सिलिंडर्स रूल्स, २०१६’ नुसार परवान्याशिवाय चालत नाही, आणि ते परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय आपल्या शेजारीच, सीबीडी बेलापूरला आहे.

मुलाचा उत्साह मारू नये. परीक्षानळीभर हायड्रोजन प्राध्यापकांच्या देखरेखीखाली महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अवश्य करावा. एक किलो हायड्रोजन करायला पन्नासहून अधिक युनिट वीज जाते आणि जाळल्यावर हाती ३३ युनिटांची उष्णता येते, हा हिशेब त्यालाच मांडायला सांगावा. स्वयंपाकच करायचा असेल तर तीच वीज थेट इंडक्शन शेगडीला द्यावी.

प्रश्न : आमच्या घरी जिन्याखालच्या बंद कपाटात इन्व्हर्टरची बॅटरी आहे. तिच्यातूनही हायड्रोजन निघतो असे ऐकले. काळजीचे कारण आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आहे, पण उपाय सोपा आहे. पाणी घालावी लागणारी शिशाची बॅटरी पूर्ण भरल्यावरही वीज घेत राहिली की पाण्याचे विघटन होते. एक अँपिअर जास्तीचा प्रवाह तासभर वाहिला तर सहा कप्प्यांतून मिळून सुमारे २.७ लिटर हायड्रोजन सुटतो. तीनशे लिटरच्या घट्ट बंद कपाटात पेटण्याची मर्यादा गाठायला १२ लिटर पुरतात, म्हणजे साडेचार तासांचे काम. कपाटाच्या दाराला खाली आणि अगदी वरच्या कडेला जाळी बसवावी. वरची जाळी महत्त्वाची, कारण वायू तिथेच जमतो. इन्व्हर्टर आणि त्याचे बटण बॅटरीच्या थेट वर नसावे. डिस्टिल्ड वॉटर घालताना पातळी पाहण्यासाठी काडी पेटवू नये, टॉर्च वापरावा आणि तो कपाटाबाहेरच चालू करून आत न्यावा.