आरोपी हाती लागणार नसेल, तर आरोपपत्र कशासाठी?

प्रश्न : अमेरिकेने २०१४ साली चिनी सैन्यातील पाच अधिकाऱ्यांवर सायबर हेरगिरीचे आरोप ठेवले, पण त्यांच्यावर खटला काही उभा राहिला नाही. हेरगिरी तर सगळेच देश करतात. मग अशा आरोपपत्राला अर्थ काय? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : हेरगिरी सगळेच देश करतात, हे खरेच आहे, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये फोडलेल्या कागदपत्रांनंतर अमेरिकेलाही ते नाकारता येण्यासारखे नव्हते. मात्र १९ मे २०१४ रोजी जाहीर झालेल्या या आरोपपत्राचा रोख व्यापारी माहितीच्या चोरीवर होता. पिट्सबर्गच्या ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) आलेल्या आरोपांनुसार, शांघायमधील ६१३९८ क्रमांकाच्या लष्करी तुकडीतील या पाच जणांनी चिनी सरकारी कंपन्यांना आणि इतर चिनी उत्पादकांना उपयोगी पडेल अशी माहिती पळवली. वेस्टिंगहाऊस ही कंपनी चीनमध्ये अणुवीज प्रकल्प उभारत असताना तिचे पाइपरचनेचे आराखडे गेले. सौर उपकरणे बनवणाऱ्या सोलरवर्ल्ड या कंपनीचे प्रकरण मला अधिक गंभीर वाटते. चिनी सौर उपकरणे अमेरिकेत पडेल भावाने विकली जात असल्याचा तंटा २०१२ मध्ये चालू होता आणि नेमक्या त्याच काळात या तक्रारदार कंपनीचे उत्पादनखर्चाचे तपशील आणि वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार चोरला गेला. पोलाद कामगारांच्या संघटनेचे ईमेलही यातून सुटले नाहीत. सैन्याने कामगार संघटनेच्या पत्रव्यवहारात हात घालावा, याला देशाच्या संरक्षणाचे कोणते कारण देता येईल?

संगणकामागचा माणूस ओळखला कसा, अशी शंका साहजिकच येते. त्याचे पुरावे बहुधा हॅकरच्या सवयींतूनच मिळतात : ओळखीच्या माणसाच्या नावाने पाठवलेले फसवे ईमेल, पुन्हा पुन्हा वापरलेली टोपणनावे, डोमेनची (संकेतस्थळांच्या पत्त्यांची) नोंदणी आणि शांघायच्या कार्यालयीन वेळेशी जुळणारे कामाचे तास. मँडियंट या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्येच या तुकडीचा माग शांघायच्या पुडोंग भागातील बारा मजली इमारतीपर्यंत काढला होता.

तरीही हे आरोपच आहेत, याचा विसर पडू नये. चीनने ते बनावट ठरवले आणि अमेरिकेबरोबरच्या सायबरविषयक कार्यगटाचे काम थांबवले. दोन्ही देशांत प्रत्यार्पणाचा करार नाही आणि आरोपी हजर झाल्याखेरीज अमेरिकी न्यायालयात असा खटला सुरू होत नाही; त्यामुळे पुराव्यांची उलटतपासणी झालेलीच नाही.

आरोपपत्राचा परिणाम दिसला तो वाटाघाटींत. व्यापारी लाभासाठी सायबर चोरी करणार नाही व तिला पाठबळही देणार नाही, असे ओबामा आणि शी जिनपिंग यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मान्य केले. या सहमतीमागे इतर कारणेही असतील, पण व्यापारी चोरी आणि राजकीय हेरगिरी यांतला फरक चीनने मान्य करणे हेच माझ्या मते मोठे पाऊल होते. ते फार टिकले असे मात्र म्हणवत नाही. इक्विफॅक्स या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून सुमारे साडेचौदा कोटी अमेरिकनांची माहिती २०१७ मध्ये चोरीला गेली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्या चोरीचे आरोप चिनी सैन्यातील आणखी चौघांवर ठेवले गेले.